येणाऱ्या फोनचा रुपया

मित्रांनो, वसईजवळच्या निर्मळ गावी केळीच्या वाडीतून आत आलात की एक कौलारू घर लागतं. त्याच्या ओटीवर, लाकडी फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला जो जुना टेलिफोन दिसेल, तो मी. एके काळी पांढरा होतो. आता माझा रंग जुन्या दातासारखा झाला आहे आणि पाचाचं बटण दोनदा दाबल्याशिवाय काम करत नाही. तुमच्या हातातल्या फोनला वायर नसते, त्यामुळे तुम्हाला मी थोडा बांधलेल्या गुरासारखा वाटेन. वाटू दे. माझ्या वायरीचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो एका साच्यातून निघाले. या घरी मी आलो त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. घरधनी रामनाथ फुलांचा माणूस. त्यांचा सोनचाफा दादरच्या बाजारात जायचा आणि आदल्या दिवशी भाव कळावा म्हणून त्यांनी मला आणलं. त्या दिवशी त्यांनी मला हार घातला, नारळ फोडला आणि शेजारी एक लहानसं घड्याळ ठेवलं. हार मला दिवसभर मिरवता आला. घड्याळ कशासाठी ते दुसऱ्या दिवशी कळलं.

माझं बिल दोन भागांचं असतं. एक भाडं. मी नुसता बसून राहिलो तरी ते द्यावंच लागतं. दुसरा भाग बोलण्याचा. या घरातून कुणी नंबर लावला आणि पलीकडे उचलला गेला, की तीन मिनिटांचं एक युनिट पडतं. युनिटला एक रुपया. दोन मिनिटं बोललात तरी एक रुपया, चार मिनिटं बोललात तर दोन. बाहेरून कुणी इथे फोन केला तर पैसे करणाऱ्याला पडतात, उचलणाऱ्याला काही नाही. इतका सरळ व्यवहार. पण सरळ गोष्ट सांगायची राहून जाते, ती सरळ असते म्हणूनच.

रामनाथ घड्याळाकडे बघत बोलायचे. पावणेतीन मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी "बरं, ठेवतो." त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांना त्यांनी एकदाच समजावलं होतं, "हा पंपाच्या मीटरसारखा आहे. चालू झाला की फिरतो." एवढ्यावर कृष्णाबाईंचं शिक्षण संपलं. बिल कधी त्यांच्या हातात गेलं नाही.

त्या वेळी आसपासच्या चार वाड्यांत मी एकटाच. माझ्याशेजारी फरसाणाचा एक रिकामा डबा असे. फोन करायला येणारा त्यात रुपया टाकी. पण कुणाचा बाहेरून फोन आला आणि त्याला हाक मारून बोलावलं, तर तोही जाताना डब्यात रुपया टाकायचा. शेजारच्या जेनिफरचा ज्युड दुबईला होता. त्याचा फोन आला की ती ओल्या हातांनी धावत यायची, मुलाशी बोलायची, पदराने डोळे पुसायची आणि रुपया टाकायची. पैसे सगळे ज्युडचे जात होते. पण आपल्यासाठी कुणीतरी वाडी ओलांडून बोलवायला येतं, मग फुकट कसं बोलायचं, ही तिची भीड. रामनाथ तो रुपया "असू दे" म्हणून परत करत नसत. हिशेबी माणूस, महिन्याचं भाडं त्या डब्यातून निघायचं. मला ते दिसत होतं. माझ्यातून सगळ्यांचे आवाज जातात, माझा तेवढा जात नाही.

कृष्णाबाईंनी मात्र डोळ्यांनी पाहिलं ते मनात पक्कं केलं. फोन केला तरी रुपया, फोन आला तरी रुपया.

पुढे घरोघरी मोबाईल आले. डबा रिकामा झाला, मग त्यात खिळे पडले. मुलगा प्रितेश नोकरीला लागला, लग्न झालं आणि तो संजनाला घेऊन विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. तीन वर्षांपूर्वी रामनाथ गेले. तेव्हापासून माझं बिल प्रितेश भरतो. त्याने आईला एक मोबाईलही आणून दिला. तो कपाटात लुगड्यांच्या घडीत झोपला आहे. त्याची बटणं त्यांना दिसत नाहीत आणि आवाज ऐकू येत नाही. माझा रिसीव्हर कसा कानाला घट्ट बसतो. एवढा अभिमान मला राहू द्या.

बिल मुलाच्या खिशातून जातं हे कळल्यावर कृष्णाबाईंनी नवा नियम केला. काम झालं की पंपाचा खटका बंद करतात, तशी त्या माझी वायर भिंतीतून काढून ठेवू लागल्या. संध्याकाळी सात वाजता वायर लावायची, कारण त्या वेळी सुनेचा फोन यायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा काढायची. वायर काढली की मी नुसता प्लास्टिकचा ठोकळा. बाहेरच्याला वाटतं, घंटा वाजते आहे आणि घरात कुणी उचलत नाही.

संजना रोज विचारायची, "आई, जेवलात का? गुडघा कसा आहे?"

"जेवले. बरा आहे. ठेवते हां."

खाडकन मी जागेवर. एकदा पलीकडून बंद व्हायच्या आत मी संजनाचा आवाज ऐकला. ती नवऱ्याला म्हणत होती, "तुझ्या आईला मी आवडतच नाही रे. दोन वाक्यं बोलत नाहीत माझ्याशी." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मागच्या माघात एका मंगळवारी, सात वाजून पाच मिनिटांनी मी वाजलो. संजना नव्हती. कृष्णाबाईंचे थोरले भाऊ काशीराम, खाडीकाठच्या त्यांच्या माहेरच्या गावाहून. भातशेतीवाले. दोन महिने अंथरुणाला खिळलेले.

"कोन? दादा? काय झालं?"

"काय नाय ग. झोप येत नाय. आपन बावखलात कमळं काढायला उतरलेलो, तो दिवस आठवला. आठवतं तुला?"

"आठवतं की." कृष्णाबाई हसल्या. बावखल म्हणजे इकडचं गोड्या पाण्याचं तळं. मी त्यांना कितीतरी महिन्यांनी हसताना ऐकत होतो. मग त्यांची नजर घड्याळाकडे गेली. "पन दादा, मीटर पडतो रे. मी रविवारी येते नी मग बसून बोलू."

"बरं. ठेव," काशीराम म्हणाले.

शुक्रवारी दुपारी माझी वायर जमिनीवर पडली होती, म्हणून निरोप माझ्यापर्यंत आला नाही. तो जेनिफरच्या मोबाईलवर आला. पूर्वी या घरातून तिला हाक जायची, त्या दिवशी ती हाक मारत या घरी आली. कृष्णाबाई ठरल्याप्रमाणे रविवारी माहेरी गेल्या खऱ्या, पण तो भाऊ गेल्याचा तिसरा दिवस होता.

त्यानंतर दोन महिन्यांनी प्रितेश आणि संजना स्कूटरवरून आले. प्रितेशच्या हातात माझ्या बिलांची फाईल होती. मला वाटलंच, आता आपली पाळी.

"आई, हा फोन परत करून टाकू," प्रितेश म्हणाला. "वर्षभराची बिलं बघितली. एकही कॉल नाही. नुसतं भाडं भरतोय आपण."

"दे बाबा," कृष्णाबाई म्हणाल्या. "तुझे पैसे तरी वाचतील. ही रोज फोन करते नी तुला भुर्दंड. म्हनून तर मी लवकर ठेवते."

संजना चहा ओतत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे? आई, फोन तर मी करते. तुम्हाला कसे पैसे पडतील?"

"येनाऱ्याला पन पडतात ना. जेनिफर नाय टाकायची डब्यात? सगळेच टाकायचे."

प्रितेशला हसू फुटलं होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. संजनाने फाईल घेतली, सासूच्या शेजारी जमिनीवर बसली आणि बिलावर बोट ठेवलं. शाळेत बाई शिकवतात तसं तिने सगळं सांगितलं. हे भाडं. ही युनिटं, इथे शून्य. "तुम्ही केला तर तीन मिनिटांना एक रुपया. दुसऱ्याने केला तर तुम्हाला काहीच नाही. तासभर बोललात तरी नाही. वायर लावून ठेवली तरी नाही. आणि मी कितीही बोलले तरी माझा महिन्याचा रिचार्ज तेवढाच असतो."

"म्हनजे तू एवढे दिवस..."

"मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसतं," संजना म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

कृष्णाबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात तिथेच राहिला. मला वाटलं, सगळं गोड झालं. मी तसा भोळाच. त्यांच्या मनात त्याच वेळी दुसरंच काही जुळत होतं.

"संजना," त्यांनी विचारलं, "दादाचा फोन आला होता ना, जायच्या आधी, मंगळवारी. त्याचे पन मला पडले नसते?"

"नाही, आई. त्यांना पडले असतील, एखाद-दुसरा रुपया."

"त्याला म्हायीत असेल?"

संजनाने फाईल मिटून प्रितेशकडे दिली. ज्याने फोन केला त्याला माहीत असणारच.

"तो आपले पैसे घालून माझ्याशी बोलत होता," कृष्णाबाई म्हणाल्या, "नी मी त्याला मीटर सांगितला." मग त्या रडल्या. भावाच्या तिसऱ्यालासुद्धा त्या अशा रडल्या नसतील. प्रितेश फाईल मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. मला त्या वेळी फार लाज वाटली, मित्रांनो. तो डबा माझ्या शेजारी होता आणि पंचवीस वर्षं मी गप्प होतो.

चहा गार झाला. थोड्या वेळाने कृष्णाबाई उठल्या, तोंड धुऊन आल्या आणि स्वतः माझी वायर भिंतीत लावली. म्हणाल्या, "वहिनीचा नंबर लाव."

"माझ्या मोबाईलवरून लावते, फुकट आहे," संजना म्हणाली.

"नको. याच्यावरूनच लाव. माझे पैसे पडू दे."

पाचाचं बटण दोनदा दाबून संजनाने नंबर लावला. पलीकडे काशीरामांच्या पत्नीने उचलला. दोघी आधी बराच वेळ रडल्या. मग कृष्णाबाईंनी विचारलं, "वहिनी, दादाला त्या दिवशी बावखलाचं काय सांगायचं होतं?"

"मला सांगितलं ना त्यानी, फोन ठेवल्यावर," वहिनी म्हणाली. "तू पान्यात घसरलीस, त्यानी वेणी धरून ओढलं. घरी विचारलं, पोरीचे कपडे कशानी भिजले, तर हा म्हनाला मीच ढकलली. तुला परत कोनी बावखलावर जाऊ दिलं नसतं म्हनून. मार त्यानी खाल्ला. म्हनत होता, किस्नीला अजून वाटत असेल मी तिला ढकललं."

"वाटत होतं," कृष्णाबाई म्हणाल्या. "साठ वर्षं वाटत होतं."

त्या दिवशी माझ्यावर एकेचाळीस मिनिटं बोलणं झालं. रामनाथांचं घड्याळ शेजारीच होतं, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. पुढच्या महिन्याच्या बिलात चौदा युनिटं आली. प्रितेशने ते सांगितलं तेव्हा कृष्णाबाई म्हणाल्या, "चौदाच रुपये?" आणि ते बिल त्यांनी मागून घेऊन देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. कागदाला हळद-कुंकू लागलेलं मी प्रथमच पाहिलं.

मला परत करायचं कुणी पुन्हा बोललं नाही. माझी वायर आता भिंतीतच असते. सातला संजनाचा फोन येतो आणि सासू-सुना भाजीपासून देवळापर्यंत सगळं बोलतात, कधी कधी मलाच कंटाळा येतो. पण मधेच एखाद्या संध्याकाळी कृष्णाबाई मी वाजायच्या आधीच येऊन बसतात आणि माझ्याकडे बघत राहतात. त्या वेळी त्या कुणाच्या फोनची वाट बघतात, ते मला ठाऊक आहे. तो माझ्याच्याने आणवत नाही.

मित्रांनो, घरात बिल आलं की ते वाचा. आणि ज्या माणसाने ते कधी वाचलं नसेल, त्याच्या शेजारी जमिनीवर बसून त्याला वाचून दाखवा. आणखी एक सांगतो. तुम्हाला कुणाचा फोन आला, तर ठेवायची घाई करू नका. त्याच्याजवळ एक रुपया होता आणि त्याला तो तुमच्याशी बोलण्यात घालवायचा होता.