डबीवरचा शब्द

मुलांनो, एक टेबल डोळ्यांसमोर आणा. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्याच्या मागच्या खोलीतलं, खिडकीला लावून ठेवलेलं. त्यावर कच्च्या छापील कागदांचा गठ्ठा आणि समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीतले गृहस्थ मूळ मजकूर मोठ्यानं वाचताहेत आणि दुसऱ्या खुर्चीतल्या बाई लाल पेन्सिलीनं छपाईतल्या चुका टिपताहेत. बाईंना नववा महिना सरत आलाय, म्हणून त्यांची खुर्ची टेबलापासून हातभर लांब आहे. आणि आत्ता, 'चीमणी'ची वेलांटी दुरुस्त करता करता, त्यांचा हात थांबलाय.

तुम्ही म्हणाल, कळा सुरू झाल्या. नाही, कळा तासाभरानं आल्या. आधी आल्या त्या मुंग्या. कमरेखाली, ओळखीच्या जागी.

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कुणी जेवायला बोलावणारी चिठ्ठी पाठवली, तर त्या आधी ती चिठ्ठी सुधारत आणि मग जेवायला जात. अशा बाईंनी स्वतःच्या घरात मात्र एक चुकीचा शब्द सहा वर्षं तसाच राहू दिला होता.

त्यांना हर्पीस होता. शरीराच्या झाकलेल्या भागावर दुखरे फोड उठवणारा हा विषाणूचा आजार. मोठ्या माणसांत तो जवळिकीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि पुष्कळदा देणाऱ्यालाही ठाऊक नसतं की आपण काय दिलं. वेलांटीबाईंचे यजमान पाण्याचे मीटर तपासायचे. डॉक्टरबाईंसमोर दोघं एकमेकांकडे न बघता बसले होते, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, की कुणी कुणाला दिला हे उकरत बसलात तर घर मोडेल आणि उत्तर मिळायचं नाही ते नाहीच. गोळ्या घ्या. हा आजार अंगात मुक्काम करतो, पण त्याच्या हातात घराच्या किल्ल्या द्यायच्या नसतात.

त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानात घरातच राहणाऱ्या थोरल्या नणंदबाई सोबत होत्या. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नागीण झाल्ये का?" नागिणीलाही हीच गोळी देतात. वेलांटीबाईंनी मान डोलावली. एवढंच. तेवढ्या मानेवर सहा वर्षं निघाली.

नणंदबाईंनी जिन्यातल्या प्रत्येक दाराला सांगितलं, की आमच्या वहिनीला कमरेवर नागीण उठते. नागिणीचं तोंड नि शेपूट एक झालं की माणूस हाती लागत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे वेलांटीबाई जरा वाकून चालताना दिसल्या, की त्या दाराआडून विचारत, "कुठवर आली गं?"

"थांबल्ये, वन्सं."

"शेपटाकडं लक्ष ठेव."

गोळ्यांच्या डबीवर वेलांटीबाईंनीच सुबक अक्षरात 'नागीण' लिहून चिकटवलं. त्यामुळे प्रश्न मिटले. पहिलं वर्ष त्या न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. मग त्यांनी आजार प्रुफासारखा वाचायला घेतला. आधी मुंग्या, मग फोड, हा क्रम कळला. मुंग्या आल्या की त्याच दिवशी गोळी, सैल सुती कपडे, हात धुणं आणि फोड सुकेपर्यंत यजमानांचं अंथरूण वेगळं. वर्षातून चारदा येणारं दुखणं पुढं दोनदा येऊ लागलं. कामाचा खाडा त्यांनी एकदाही केला नाही.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी शेवटच्या महिन्यात रोज गोळी घ्यायला लावली आणि बजावलं, की कळांच्या वेळी फोड असले, नुसत्या मुंग्या असल्या, तरी तिथं जो कुणी असेल त्याला आधी ते सांगायचं. जन्माच्या वाटेत बाळाला संसर्ग झाला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. मग बाळ पोट उघडूनच काढावं लागेल.

आणि नेमक्या त्या दिवशी डॉक्टरबाई रजेवर होत्या.

मोठ्या दवाखान्यात नवी सिस्टर नवा कागद भरायला बसली. एका बाजूला नणंदबाई, दुसऱ्या बाजूला आठ वर्षांची लेक. यजमान अजून वाटेत होते. सिस्टरनं विचारलं, पूर्वीचा काही आजार? वेलांटीबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात कळ आली. नणंदबाई कसल्या थांबतायत!

"नागीण आहे तिला. कमरेवर. अधूनमधून उठते, पण तशी गुणी आहे."

सिस्टरनं लिहिलं. समोरच्याचा कागद उलटा वाचण्याची सवय वेलांटीबाईंना छापखान्यानंच लावली होती. त्यांनी वाचलं: नागिण.

"सिस्टर, ते चुकलंय."

सिस्टरनं मान वर केली नाही. "काय चुकलं?"

"वेलांटी दीर्घ हवी."

"बाई, तुम्हाला कळा येतायत का मला?"

नणंदबाई हसल्या. लेकही हसली. हा शब्द आता पुढं जाईल, वेलांटीबाईंच्या लक्षात आलं. या कागदावरून त्या कागदावर, आणि कमरेवरच्या नागिणीसाठी कुणी बाळाची वाट बदलणार नाही. चूक छापून आली की मग ती निस्तरत बसावं लागतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"वेलांटी राहू द्या," त्या म्हणाल्या. "शब्दच चुकलाय. मला हर्पीस आहे. कमरेवर नाही, खाली. सहा वर्षं आहे. सकाळपासून मुंग्या येतायत. आधी डॉक्टरांना बोलवा."

सिस्टर उठलीच. नणंदबाईंचा हात वेलांटीबाईंच्या पाठीवर होता, तो तिथून निघाला.

डॉक्टरांना एक फोड सापडला. दुपारच्या आत पोट उघडून मुलगा बाहेर काढला. खणखणीत रडला. तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. यजमान पोचले होते. त्यांनी व्हरांड्यात आपल्या बहिणीला स्वतःच सांगितलं, की हे दोघांचं आहे, एकटीचं नाही.

घरी आल्यावर नणंदबाईंनी आपली कपबशी वेगळ्या फळीवर ठेवली. कपातून हा रोग जात नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कपबशी तिथंच राहिली.

"रोगाचं सोड," त्या एकदा भिंतीकडं बघत म्हणाल्या. "सहा वर्षं मी शेपूट मोजत बसले. तुला एकदाही वाटलं नाही, की हिला सांगावं?"



वेलांटीबाई टाके दाखवायला गेल्या तेव्हा बाळ नणंदबाईंच्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातल्या पुरळाकडं बोट केलं. नणंदबाई म्हणाल्या, काही नाही, ताप ओठावर फुटतो माझा, दरवर्षीचंच आहे, मलम लावते. डॉक्टरांनी शांतपणे बाळ उचलून आईकडं दिलं. खपली जाईपर्यंत बाळाचा पापा घ्यायचा नाही, म्हणाले. हाही हर्पीसच आहे. यांच्या आजाराचा सख्खा भाऊ.

परतीच्या वाटेवर नणंदबाईंनी रुमाल काढून ओठांवर धरला.

दुसऱ्या दिवशी लेकीनं आईची लाल पेन्सिल घेतली. आईनं तिला बेतानं सगळं समजावलं होतं. डबी पुढ्यात ओढून तिनं छापखान्यात खोडतात तशी 'नागीण'वर आडवी रेघ मारली, शेवटी छोटं वेटोळं काढलं आणि विचारलं, "आई, 'पी' दीर्घच ना? नागीणसारखी?"

"दीर्घच."

तिनं लिहिलं. मग तीच पेन्सिल घेऊन ती आत्याच्या फळीपाशी गेली. तिथं कपबशीशेजारी मलमाची डबी होती.

"आत्या, हिच्यावर काय लिहू?"

नणंदबाई तोंडावर रुमाल धरून बाळापासून दोन हात लांब बसल्या होत्या. त्यांनी डबीकडं पाहिलं, वहिनीकडं पाहिलं. मग रुमालाआडून म्हणाल्या, "आईला विचारून लिही. वेलांटी चुकवू नको."

लेकीनं जीभ बाहेर काढून, सावकाश, तोच शब्द लिहिला. मग तिनं दोन्ही डब्या एका फळीवर ठेवल्या. तिथं जागा कमी पडली, म्हणून आत्याची कपबशी उचलून तिनं घरातल्या बाकीच्या कपांत नेऊन मांडली.