कोपरावरचे हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. तसे माझे वय पाचच वर्षे. पण त्यातली तीन मी डोक्यावर नव्हे, कोपरावर काढली. आजही कुणी गाडीला किल्ली लावली, की माझा जीव खालीवर होतो.

सोलापूरच्या नवी पेठेतून सिद्धेश्वरीने मला आपल्या वडिलांसाठी, प्रभुआप्पांसाठी घेतले. आप्पांचे मोहोळला कापडाचे दुकान. रोज हायवेने मोटारसायकलवर ये-जा. त्याच दिवशी नवी गाडीही घरी आली. तिच्या चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला, हँडलला हार घातला. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. असा राग आला मला!

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरी म्हणाली, "आप्पा, हेल्मेट घाला की. पडलात तर?"

"निगताना असलं अभद्र बोलू नये गं!" तिची आई बसम्मा कळवळली.

आप्पांनी कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांकडे बोट दाखवले. "ह्ये पुसतंय त्यानं. देव हाय की पाठीशी."

मग मी कोपरात अडकले. पोलीस दिसला की डोक्यावर, चौक ओलांडला की पुन्हा कोपरावर. मी आतल्या आत तळमळत असे. पण हेल्मेटचे ऐकतो कोण?

एका सकाळी मोहोळच्या अलीकडे एक टमटम उलट्या बाजूने समोर आली. गाडी घसरली. आप्पांचे डोके रस्त्यावर आपटले. कोपराला मात्र साधे खरचटलेही नाही. मी तिथेच होते, हातभर अंतरावर. ते अजून मला सोसत नाही.

आप्पा वाचले. पण कितीतरी दिवस त्यांना लेकीचे नाव आठवत नव्हते. वर्षभराने ते पुन्हा दुकानाला निघाले. विभूती लावली आणि सवयीने मला कोपरात अडकवले. बसम्मा उंबऱ्यात आडवी आली.

"पडला तर मराल तुमी," ती म्हणाली. "घाला ते."

आप्पांचा चेहरा रागाने लाल झाला. पण त्यांनी मला डोक्यावर घेतले आणि पट्टा लावला. पुढे दोन दिवस ते बायकोशी बोलले नाहीत.

मित्रांनो, देवाला नमस्कार करा, चाकाखाली लिंबूही ठेवा. पण घरातले माणूस हेल्मेट न घालता निघाले, तर ते अभद्र बोलून टाका. रागावेल ते. रागावू द्या. रागवायला का होईना, संध्याकाळी घरी येईल.