दोन तासांनंतर कुणी विचारलंच नाही

मी रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर बोलतोय. तळहातावर मावतो, थेंबभर रक्त मागतो आणि त्या घटकेला जे असेल तेच दाखवतो. तरीही माझ्यावर खोटेपणाचा ठपका आला. त्याची चीड अजून मनात आहे, म्हणून आज तोंड उघडतोय.

मला विकत आणलं एका शिंप्याच्या मुलीने. गल्लीत त्याला सगळे मास्तर म्हणायचे. पन्नाशी उलटल्यावर त्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोड बंद करायला आणि तेल-लोणी कमी करायला सांगितलं. पहिलं त्याने त्याच दिवशी ऐकलं. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता प्यायला लागला. दुसरं मात्र या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. "तेलात कुठे साखर असते?" म्हणाला.

माझी जागा शिलाई मशीनच्या खणात, बॉबिन आणि खडूच्या तुकड्यांशेजारी. माणूस कामाचा पक्का. सुती कापड आलं की आधी भिजवून वाळवायचा, मगच कात्री लावायचा. "कापड आज एक माप सांगतं आणि धुतल्यावर दुसरं," असं गिऱ्हाइकांना समजवायचा. ही अक्कल स्वतःच्या बाबतीत त्याने कुठे गहाण टाकली, देव जाणे.

एकदा उकडलेले बटाटे खाऊन त्याने दोन तासांनी बोट टोचलं. आकडा चांगलाच चढलेला. दुसऱ्या दिवशी बायकोने तेवढेच बटाटे तेलात खरपूस तळले, वर लोणी घातलं. पुन्हा दोन तासांनी बोट टोचलं, तर आकडा कालच्यापेक्षा कितीतरी कमी. मास्तरने मांडीवर थाप मारली.

"बघ गं! तेल साखरेला अडवतं. यंत्रच सांगतंय!"

मी असलं काही सांगितलं नव्हतं. तेलकट जेवण पोटात रेंगाळतं. त्यातली साखर उशिरा रक्तात येते आणि मग तासन्‌तास ठाण मांडून बसते. पण ती येईपर्यंत मी खणात बंद. मला विचारणार कोण?

बायको बिचारी हरखली. "गोड तोडलंय त्यांनी, निदान हे तरी पोटभर खाऊ देत," म्हणत ती रोज कढई चढवायची. मास्तर तर मला पुढे करून गिऱ्हाइकांनाही उपदेशाचे डोस पाजायचा. मला ते ऐकवत नसे.

मुलगी माहेरी आली तेव्हा तिने एकदा सकाळी त्याचं बोट टोचलं.

"बाबा, उपाशीपोटी एवढी साखर?"

"झोप नीट नाही झाली गं. जेवणानंतर बघ, कशी शहाण्यासारखी असते."

"डॉक्टरांकडे जाऊन तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी तरी करून घ्या."

"घरात यंत्र असताना तिकडे कशाला खेटे घालू?"

त्यानंतर सकाळी त्याने मला कधी हातच लावला नाही. गोड बोलणारा मी तेवढा त्याला हवा होतो.

अशी काही वर्षं गेली. एका दुपारी बायको कापडाच्या चिंध्या झाडत होती. पायडलवर लाल डाग दिसला.

"अहो, पायातून रक्त येतंय!"

टाचणी तळव्यात पार रुतली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याने ती उपटली आणि हसला. "बघ, दुखतसुद्धा नाही!" मी त्या हसण्याने हादरलो; इतक्या वर्षांच्या साखरेने त्याच्या पायाच्या नसा बधिर केल्या होत्या.

जखम भरलीच नाही. पुढे ती काळी पडली. इस्पितळात बायकोने मला डॉक्टरांच्या टेबलावर आदळलं. "हे मेलं खोटं बोललं! दोन तासांनी नेहमी चांगलंच दाखवायचं."

"ते खरंच दाखवत होतं, काकू," डॉक्टर म्हणाले. "चार-पाच तासांनी कधी बघितलंत? तेलाने साखर अडत नाही, मागाहून येते. आणि रोज एवढं तेल-लोणी पोटात गेलं की शरीर इन्सुलिनला जुमानत नाही. मग ती सकाळपर्यंतसुद्धा उतरत नाही."

बायको नुसती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मास्तरचा उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

आता दोघं मशीनला खेटून बसतात. तो कापड सरकवतो आणि ती बाजूच्या स्टुलावरून पायडल मारते. तिचा पाय घाई करतो, टाके वेडेवाकडे पडतात, तो खेकसतो आणि ती ऐकून घेते. कढई माळ्यावर गेली. मला मात्र आता सकाळी विचारतात, जेवणानंतर विचारतात, उशिराही विचारतात.

माझी बॅटरी संपत आली आहे, म्हणून बाबांनो, जाता जाता एवढंच मागतो. सोयीच्या वेळी विचारून माझ्या नावावर कढई चढवू नका. जे उत्तर नको आहे, तेही मला विचारा.

आज सकाळी बायकोने त्याचं बोट टोचलं. आकडा सुरेख आला. एवढा चांगला आकडा या घरात मी सकाळी कधीच दाखवला नव्हता. तिने मला त्याच्यापुढे धरलं. मास्तरने माझ्याकडे पाहिलं, मग पायडलकडे पाहिलं.

"ठेव ते खणात," तो म्हणाला, "आणि पाय टाक. बाही अर्धीच राहिलीय."