तळं बघावं ते मे महिन्यात

"घर बघायला निघालोय की चारधामला? चार बाटल्या पाणी, दशम्या, ऊपर से सतरंजी." पुढच्या सीटवर क्षिप्रा नवऱ्यापाशी पुटपुटली. पण गाडीचा एसी आणि सासूचे कान, दोन्ही शाबूत होते. मागे सगळं थंडगार पोचलं.

कुसुमावतींनी डबा मांडीवर ओढून घेतला आणि मानेसरच्या कारखान्यांच्या बस बघत बसल्या. शेजारी खंडेराव डोळे मिटून होते. झोपले नव्हते, झोपल्यावर ते घोरत.

ऋग्वेद तळ्याकाठी सुट्टीचं घर घेणार होता. खंडेराव निवृत्त झाले, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हापासून चार वर्षं दोघं लेकाच्या गुडगावच्या फ्लॅटवर होती. खोल्या तीन, माणसं चार, आणि हल्ली जेवताना आवाज फक्त चमच्यांचा. त्यात अचानक हे तळं निघालं. घर खरंच सुट्टीचं असावं, जायचं आणि परत यायचं, एवढंच कुसुमावतींना हवं होतं. तिथे कुणी मागे राहायचं नाही. कुणी म्हणजे कोण, हे त्या मनातसुद्धा उच्चारत नव्हत्या.

त्याऐवजी त्यांनी अभ्यास केला होता. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून वही भरली होती. डीलर पावसाळ्यानंतर बोलावतो, आपण मे महिन्यात जावं; माणूस आजारपणात कळतो, तळं मे महिन्यात. काठच्या दगडांवर पाण्याच्या जुन्या रेघा बघाव्यात. पावसात रस्ता राहतो की वाहून जातो, प्यायचं पाणी नळाचं की टँकरचं, हे गावात विचारावं. आणि सगळ्यात वरती, दोनदा अधोरेखित: डीलरचं ऐकावं, पण खरं विचारावं झाडूवालीला.

तळं त्यांनी बघितलं. अरवलीच्या बोडक्या टेकडीखाली पातेल्यात उरलेल्या आमटीएवढं पाणी होतं, आणि त्यात म्हशी.

"जुलाई में आइए मॅडम, पानी यहाँ डेक तक आता है," डीलर निखिल म्हणाला.

"रेघ तर त्या तिथे खाली आहे," कुसुमावतींनी बोट दाखवलं. "डेकपर्यंत यायचं तर पाण्याला लिफ्ट लागेल."

खंडेराव खुदकन हसले. ऋग्वेद हसला नाही. तो निखिलला हॉस्पिटल किती लांब ते विचारत होता. पंधरा मिनिटं, सर. नर्स? फोन केला की येते, सर. बोटिंगचं त्याने काहीच विचारलं नाही.

घर नीटनेटकं होतं. दोन खोल्या. उंबरठा नाही, पायरी नाही. न्हाणीघरात कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे. खंडेरावांनी एक दांडा धरून बघितला आणि खिशात हात घातले. "नळाला जोर चांगला आहे," एवढंच म्हणाले.

"आई, इकडून व्ह्यू बघ ना," ऋग्वेद डेकवरून ओरडला. "मस्त आहे! आम्ही वीकेंडला येत जाऊ."

"'आपण' म्हण रे," कुसुमावती सवयीने बोलून गेल्या.

दिल्लीत वाढलेलं पोर. हिंदीच्या एका 'हम'मध्ये अख्खी दुनिया मावते, म्हणून याला आपण आणि आम्ही यांतला फरक कधी कळलाच नाही. सहा वर्षांचा असताना गणपतीच्या मंडळात आईचाच हात ओढत भर सभेत म्हणाला होता, "आई, चल, आम्ही घरी जाऊ!" आणि बायका हसून लोटपोट झाल्या होत्या. तेव्हापासून त्या ही चूक दुरुस्त करत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच, ती चूकच असावी असं त्यांना मनापासून वाटलं.

"वही तो, आपण, आम्ही, सेम थिंग यार आई," असं म्हणत तो फोनमध्ये शिरला.

शेजारच्या घरापुढे एक बाई झाडत होती. कुसुमावती तिच्यापाशी गेल्या. नाव सरला. पाणी टँकरचं, ते तिने लगेच सांगितलं.

"यहाँ छुट्टी में बहुत लोग आते होंगे?"

"छुट्टी में?" सरलाने कंबर सरळ केली. "छुट्टी वाले तो एक-दो ही हैं, आंटीजी. सात घरों में लोग पक्के रहते हैं. सब आप ही की उम्र के."

परत येताना ती वीस पावलं कुसुमावतींना फार लांब वाटली.

डेकवर सतरंजी पसरून बसले चौघं. निखिल फोनवर बोलत गाडीकडे गेला होता. कुसुमावतींनी दशम्या वाढल्या, वर लसणाची चटणी, ऋग्वेदला दोन चमचे जास्त. मग डबा बंद न करताच विचारलं,

"ऋग्वेद, नीट सांग. वीकेंडला आपण येणार, की तुम्ही?"

"म्हणजे काय, आई? देखेंगे ना. आधी घर तर पसंत कर."

"मी व्याकरण विचारत नाहीये, बाळा."

"कुसुम," खंडेराव घाईने म्हणाले, "पाणी दे गं. दशमी कोरडी झालीये." दशमी लुसलुशीत होती. पहाटे उठून दुधात भिजवलेल्या कणकेची.

ऋग्वेद म्हशींकडे बघत राहिला. चाळिशीला टेकलेला माणूस, पण मार्कशीट लपवताना चुकवायचा तशीच नजर चुकवत होता. कुसुमावतींना वाटलं, जाऊ दे, विचारू नये. सोडवावं पोराला.

क्षिप्राने तेवढ्यात ताटली खाली ठेवली. दोन्ही हात पुसले. आवाज चढवला नाही. उलट सकाळपेक्षा मऊच होता.

"आई, आम्ही येऊ, महिन्यातून एखादवेळी. राहायचं तुम्ही आणि बाबांनी. मला तुमच्याबरोबर एका घरात राहणं आता होत नाही. यालाही होत नाही. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून याने तळं शोधलं."