इंग्रजाचा उंबरठा

पिवळी रेघ अजून होतीच. लाकडाच्या शिरेत, केसाएवढी... रेणूने नखाने खरवडून पाहिली. हळदच ती, सुखासुखी जाते कुठे! आणि एवढी वर्षं संसार करून या रेणूबाईसाहेबांनी काल तिच्यावर साबण चोळला. पिवळ्याचं लालभडक झालं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मग नवऱ्याच्या हत्यारांतून सँडपेपर काढला आणि तासभर घासत बसली.

पाडव्याला किती हौसेने पुजला होता हा उंबरठा! इथे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या अपार्टमेंटात बारा वर्षं दाराखाली नुसती पत्र्याची पट्टी — तिला कुठे हळदकुंकू वाहायचं? हा कसा रुंद, लाकडी, मधे झिजलेला... दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या कुणा शेतकऱ्याने जर्दाळूच्या बागेत हे घर बांधलं, आपल्या गावाकडच्यासारखं — मधोमध विटांचं धुराडं, दोन्ही अंगांना एकेक खोली, खिडक्या एवढ्याशा. बाग गेली, घर राहिलं, आता संरक्षित. विकत घेतलं तरी दर्शनी भागात खिळा मारायची चोरी. आज शहराच्या वारसा-कमिटीची तपासणी होती. या भारतीय लोकांना जुन्याची किंमत नाही, असं कुणी म्हणालं नव्हतं... पण कुणी म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं.

तपासायला आली अनिका. मराठी घरातली पण इथेच जन्मलेली, तरी "हाय, रेणू काकू!" म्हणाली तेव्हा रेणूला जरा हायसं वाटलं. अनिकाने धुराडं पाहिलं, खिडक्या पाहिल्या, आणि उंबरठ्याशी उकिडवी बसून फोनवर मागच्या तपासणीचा फोटो उघडला. फोटोत उंबरठ्यावर बारीक खळग्यांच्या रांगा होत्या.

"त्या फार्मरच्या बुटांच्या खिळ्यांचे मार्क्स, काकू. माझा फेव्हरिट पार्ट. कुठे गेले?"

रेणूने गुळगुळीत लाकडावरून बोट फिरवलं. काल बोटांना लागले होते की ते... कीड समजून तिने आणखी जोर लावला होता. आधीच्या मालकावर ढकलावं?

"मी घासले," ती म्हणाली. "पूजेची हळद होती. तू येणार, म्हणून..."

"हळद?" अनिका बघतच राहिली. "ती चालली असती, काकू. यू लिव्ह हिअर." मग ती टाइप करू लागली. "हे लिहावं लागेल मला. कमिटी काय म्हणेल, माहीत नाही. हळदीचंही लिहिते. पूजा कधी केली होती?"

"पाडव्याला."

रेणूला एकदम रडू आल्यासारखं झालं. त्या माणसाच्या खुणांचं वाईट वाटत होतंच — पण त्या चुकून गेल्या. आपली खूण मात्र आपणच पुसली, कुणी सांगितलेलं नसताना... आत जाताना पाय नेमका त्या पिवळ्या रेघेवर पडणार होता. तिने तो उचलून पलीकडे ठेवला.