ऊसतोडीचा शर्ट

कार्तिक सरत आला की सोमेश्वरनगरच्या हवेत मळीचा आंबूस-गोड वास उतरतो, कारखान्याच्या धुराड्यातून सुटलेली काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या तिळांसारखी बसते, आणि या सगळ्याच्या तळाशी मला अजूनही एक आवाज ऐकू येतो : आईच्या पायमशीनचा. आता मी इंदापुरात राहते, तिथल्या शाळेत शिकवते. तरी हंगामाची पहिली ट्रॉली रस्त्यावर दिसली की तो आवाज माझ्या तळपायांत सुरू होतो.

आई रागावली की बोलत नसे. तिचा राग गुडघ्यांतून पावलांत उतरे, पावलांतून मशीनच्या पायट्यात, आणि पायट्यातून सुईत. बारीक टीप चालली असली की आवाज घट्ट, एकसारखा, पत्र्यावरच्या सरीसारखा येई. कच्ची टीप चालली असली की तो लांब, उसंत घेत चाले, कारण ती शिलाई पुढे कधीतरी ओढून काढायचीच असते. टीप जिथे संपे तिथे ती मशीन मागे-पुढे चालवून टोक पक्कं करी आणि दोरा दातांनी तोडी. त्या तोडण्यावरून आम्हाला त्या दिवशीचं घरातलं हवामान कळत असे.

चुकीच्या जागी चुकीची टीप तिला सहन होत नसे. खांद्यावर ओझं येतं म्हणून तिथे टीप बारीक हवी. हात उगारला की काखेला ओढ बसते म्हणून तिथे दुहेरी हवी. ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या काठाला नागमोडी टीप हवी, म्हणजे कापड ताणलं तरी दोरा तुटत नाही. तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिलाई तर ती बाहेरच्या अंगाला ठेवी, कातडीला दोऱ्याची गाठ टोचू नये म्हणून. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझ्या शिक्षणाची सगळी वर्षं या टिपांवरच तोलली गेली, हे मी कोणत्याही सत्कारात न विसरता सांगते.

हंगामात आमच्या शिवणाच्या दुकानात लग्नाची पोलकी मागे पडत आणि शर्ट येत. ऊस तोडणाऱ्या बाया साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात, कारण उसाचं पान दिसायला हिरवं आणि मऊ असलं तरी त्याची कड करवतीसारखी असते. कोयता सारखा उगारून त्या शर्टाची काख फाटते. आई तिथे चौकोनी जोड देई, त्यावर दुहेरी टीप मारी आणि पुटपुटे, "पुरुषाच्या मापाचं हाय, म्हणून फाटतंय."

त्या वर्षी बीडकडच्या टोळीत शोभा आली. सावळी, रुंद हसणारी, चालताना पदर खोचत बोलणारी. दिवाळीनंतर ती शर्ट सैल करून घ्यायला आली तेव्हा पोट दिसू लागलं होतं. आईने दोन्ही बाजू उसवल्या, आतलं जादा कापड सोडलं आणि कच्ची टीप घातली, कारण हे पुन्हा उघडावं लागणार हे तिला ठाऊक होतं. शोभा म्हणाली, "मावशी, माझ्यासंगं आत अजून एक कामगार हाय, पर मुकादमानं त्याचं नाव लावलं न्हाई." आई हसली. हंगामात तिला हसताना मी क्वचितच पाहिलं आहे. संक्रांतीच्या सुमारास आईने तोच शर्ट पुन्हा एकदा सैल केला.

मग शोभा बाळंत झाली. कारखान्याच्या माळावरच्या कोपीत, पाचटाच्या छपराखाली. मुलगी झाली. पाचवी पुजली गेली. बारसं अजून व्हायचं होतं. त्या मधल्या दिवसांत एका दुपारी शोभा दुकानात आली, उंबऱ्याला धरून उभी राहिली आणि शर्ट पुढे करून म्हणाली, "मावशी, आता आत घ्या. पोट न्हाई राहिलं."

आईने शर्ट घेतला. उद्या ये म्हणाली. जी बाई आयुष्यात गिऱ्हाइकाला खोटा वायदा करायची नाही, जिला "उद्या या" म्हणणाऱ्या शिंप्यांची चीड होती, ती त्या दिवसापासून रोज "उद्या ये" म्हणू लागली. शर्ट खिळ्याला टांगलेला, दोरा मशीनला भरलेला, आणि टीप मात्र नाही. शर्टाशिवाय बाई उसाच्या फडात जाणार नाही, तेवढंच तिचं अंग कोपीत पडून राहील, असा आईचा सरळ हिशेब होता.

शेवटी मुकादम आला, मोटारसायकलवर मागे शोभाच्या नवऱ्याला बसवून. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा. त्याने गाडीवरूनच हाक दिली, "काकी, शर्ट देऊन टाका. अर्धा कोयता कोपीत बसून हाय."

आई म्हणाली, "बाळंत झाली ती बाई हाय. कोयता बाळंत व्हत न्हाय."

मग तिने मोठी कात्री उचलली, खिळ्यावरचा शर्ट काढला आणि त्या दोघांच्या देखत पाठीवरून सरळ चिरला. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या कापडाचं तिने तिथल्या तिथे झबलं बेतलं आणि शिलाई बाहेर ठेवून शिवलं. मशीनचा आवाज त्या दिवशी शेजारच्या किराणा दुकानापर्यंत गेला. ते झबलं तिने शोभाच्या नवऱ्याच्या हातात ठेवलं. "लेकीला घाला. शर्ट न्हाय आता. बगू कशी जाती फडात." नवरा मान खाली घालून उभा राहिला. आळीतल्या बायांनी आईचं कौतुक केलं. मीही मनातून ताठ झाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला शोभा आली. कडेवर मुलगी, मुलीच्या अंगात झबलं. आणि तिच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून दंडापर्यंत, उसवलेल्या शिलाईसारख्या बारीक लाल रेघा. ती फडात जाऊन आली होती. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मावशी, राग तुमचा व्हता. शर्ट माझा व्हता."

आईने कपाटातून माझ्या वडिलांचा जाड कापडाचा शर्ट काढला, शोभाचं माप घेतलं, खांद्याला बारीक आणि काखेला दुहेरी टीप घातली. पायटा मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. त्या आवाजाला ताल नव्हता. शोभा पाटावर बसून मुलीला पाजत राहिली. शर्ट अंगात घालून ती निघाली तेव्हा आईने तिच्या हातांना लावायला खोबरेल पुढे केलं. ते तिने घेतलं.

हंगाम संपल्याचा पट्टा पडला, कारखाना थंडावला, टोळी गेली. पुढच्या हंगामात टोळी आली, पण शोभा आली नाही. कुणी म्हणालं, कर्नाटकात गेली. कुणाला नक्की ठाऊक नव्हतं.

आईचा राग निवला नाही, आणि मला तो निवावा असं वाटतही नाही. ज्या व्यवस्थेत बाळंतिणीच्या अंगापेक्षा उसाचं वजन मोठं ठरतं, तिच्यावर कुणीतरी आयुष्यभर रागावून राहिलंच पाहिजे. पण त्यानंतर तिने दुसऱ्याच्या कपड्याला न विचारता कात्री लावली नाही. आता ती प्रत्येक तोडणाऱ्या बाईच्या शर्टात दोन्ही बाजूंना जादा कापड ठेवते, वरून कच्ची टीप घालते आणि दोऱ्याचं टोक तिच्या बोटांत देऊन सांगते, "लागंल तवा ही ओढ. कुणाला इचारायला नगं."

इंदापुरात शाळेच्या फाटकापाशी मी उभी असते तेव्हा टोळ्यांचे ट्रक जातात. भांडी, बिछाने, पोरं, आणि वर बसलेल्या शर्टातल्या बाया. मी त्यांच्या काखेतली दुहेरी टीप शोधते. इतक्या अंतरावरून टीप दिसत नाही. दिसतो तो नुसता शर्ट, वाऱ्याने फुगलेला, आणि तो कुणाचा हे कळायच्या आत त्यातली बाई पुढे निघून गेलेली असते.