उशिरा सुरू होणारा कंप

कणकेचे हात तसेच घेऊन चारुता पाळण्यापाशी धावत आली. जाई गाढ झोपलेली होती. मूठ गालाखाली, ओठ किंचित उघडे. आणि रडणं मात्र चालूच होतं.

ते पलीकडच्या खोलीतून येत होतं. निशांत लॅपटॉपसमोर पाठमोरा बसला होता. समोरच्या छोट्या कीबोर्डवर त्यानं बोट टेकवलं, की तान्हं बाळ रडे. बोट उचललं, की गप्प.

चारुता दारातच थांबली.

"तिचा आवाज रेकॉर्ड केलास तू."

"कसम से नाही!" तो खुर्चीसकट वळला. चेहऱ्यावर अपराध नव्हता, उलट कौतुक करून घ्यायची घाई होती. "तुला शब्द दिला होता ना? एक सेकंदही नाही घेतला तिचा. हे सगळं सिंथवर केलंय, कॉम्प्युटरनं बनवलेला आवाज. हा बघ, एक साधा सूर. त्याला ही लहर जोडली, एलएफओ. ती इतकी संथ असते की स्वतः ऐकू येत नाही, नुसती सुराला हलवत राहते. तोच कंप, व्हायब्रेटो. ह्या चकतीनं किती भरभर हलायचं ते ठरतं, ह्या चकतीनं किती जोरात."

"कशासाठी हे?"

"भैयाजींच्या व्हिडिओ चॅनेलसाठी. भुताची गोष्ट आहे, विहिरीत टाकलेलं बाळ. म्हणाले, रोना ऐसा चाहिए कि स्क्रोल करने वाले का अंगूठा रुक जाए."

"शी! आणि इतकं हुबेहूब जमलं कसं?"

"रोज ऐकतोच की. परवा तू आंघोळीला गेलेलीस, तेव्हा ती बराच वेळ रडत होती. नीट कान देऊन ऐकलं."

"उचललं नाहीस?"

निशांतनं मान खाजवली.

बाळंतपणाची रजा संपून सोमवारपासून चारुताला बरुआसागर गावच्या शाळेत शिकवायला पुन्हा रुजू व्हायचं होतं. दिवसभराचं दूध काढून ठेवायला हवं होतं आणि पंपाला थेंब येत नव्हता. जाई छातीशी असली की सगळं सुरळीत. यंत्र लावलं की छातीचा दगड. डब्यातल्या पावडरीचं दूध जाई ओकून टाकी. सासूबाई रोज अळिवाची खीर पुढे करत आणि म्हणत, "काळजी करू नकोस गं, काळजीनंच आटतं." ते ऐकून तिची काळजी दुप्पट होई. डॉक्टरबाईंनी पंप लावताना बाळाचा फोटो बघायला सांगितलं होतं. तोही बघून झाला. फोटोतली जाई हसत होती; हसणाऱ्या बाळाला दूध कुठं हवं असतं?

"वाजव पुन्हा," ती म्हणाली.

त्यानं वाजवलं.

"घाणेरडं आहे. आणि खोटं. पहिल्यापासूनच थरथरतंय. जाई अशी रडते होय? आधी सरळ ओढते ती. श्वास संपत आला की मग कापते. आणि कापते तीही अशी शिलाई मशीनसारखी एकसारखी नाही. बाप आहेस ना?"

तिला ते त्याला लागायला हवं होतं. पण निशांतचे डोळे चमकले.

"अरे हो! सुरुवात उशिरा करायला पाहिजे!" तो लगेच स्क्रीनकडे वळला. "कंप मागाहून येईल, हळूहळू वाढेल. आणि त्याचा वेग हलवायला खाली आणखी एक लहर. काय कान आहे यार तुझा!"

त्यानं बोट टेकवलं.

रडणं सरळ वर गेलं. टोकाशी जाऊन क्षणभर ताणून राहिलं आणि मग मोडता मोडता कापू लागलं. चारुताच्या मानेवर काटा आला. छातीत ओळखीची कळ उठली, मुंग्या आल्या, आणि कुर्त्यावर पुढच्या बाजूला दोन ओले डाग पसरले.

कणकेचे हात तिनं घाईनं छातीवर आडवे धरले. तोवर निशांतनं पाहिलं होतं. त्याचं बोट कीबोर्डवरून निसटलं. आवाज थांबला, दूध थांबलं नाही.

"चारु," तो हळू म्हणाला. "पुसून टाकतो मी हे. भैयाजींना सांगतो, नहीं बना."

ती तशीच उभी राहिली. आपल्या लेकीच्या फोटोला जे पाझरलं नव्हतं, ते ह्या वायरीतल्या बाळाला पाझरलं होतं. आता तिला ना निशांतची शिसारी येत होती, ना त्या भैयाजींची. स्वतःच्या अंगालाच शिवू नये असं वाटत होतं.

"त्यांना द्यायचं नाही."

"नाही देणार."

"पुसूही नकोस."

ती मोरीवर जाऊन हात धुऊन आली. येताना पंप आणला, दार लोटलं आणि त्याच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून खाली बसली. ओढणी खांद्यावरून पुढे घेतली. निशांत काय करावं ते न कळून खुर्चीच्या कडेवर टेकला.

"वाजवू?"

तिनं मान डोलावली.

बाळ रडू लागलं. बाटलीच्या तळाशी टप असा आवाज झाला, मग लागोपाठ बारीक धार. जरा वेळानं धार मंदावली. बाटली जेमतेम पाव भरली होती.

"निशांत."

"हं?"

"कंप अजून थोडा वाढव," चारुता भिंतीला म्हणाली.